भिंतीवरचा मोर



कापडाच्या पेढीवर ज्याचे आयुष्य गेले त्याला कापड कसे पाहावे हे शिकवावे लागत नाही. गिऱ्हाईक साडी पसंत करते, पदर पाहते, काठ पाहते आणि शेवटी एकच विनंती करते, "जरा बाहेर उजेडात दाखवा." आपण ती घडी उचलून ओट्यावर नेतो. दुकानातल्या दिव्याखाली जो रंग डाळिंबी वाटत होता तो उन्हात विटकरी निघतो, आणि सौदा तिथेच मोडतो किंवा पक्का होतो. यात कोणाला अपमान वाटत नाही, कारण दिव्याचा रंग वेगळा आणि दिवसाचा वेगळा हे देणाराही जाणतो आणि घेणाराही. मात्र आपण स्वतः गिऱ्हाईक होतो तेव्हा हे शहाणपण गल्ल्यात ठेवूनच बाहेर पडतो. माझे तसेच झाले. त्याची किंमत बाबूजींनी चार महिने निमूटपणे सोसली. या महिन्याच्या सदरात तीच हकीकत सांगावी असे मनात आहे, कारण नव्या घराच्या वा नव्या दुकानाच्या भिंतीसाठी निसर्गाचे मोठे छायाचित्र मागवण्याची प्रथा आता आपल्या कुटुंबांतही रुजू लागली आहे.

बाबूजींचे वय त्र्याऐंशी. पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया नीट झाली, पण जिना उतरून गादीवर येऊन बसणे मात्र कायमचे थांबले. साठ वर्षे ज्या माणसाने दुकानाच्या उंबऱ्यातून रस्ता पाहिला, त्याच्या समोर आता एक पांढरी भिंत उरली. बोलणे कमी झाले. हिशेब विचारणेही थांबले, आणि आम्हा सर्वांना तेच अधिक लागले. त्या भिंतीवर काहीतरी असावे असे सौभाग्यवतीने सुचवले. आमचे मूळ दुकान पाटोद्याचे. तरुणपणी बाबूजी सायकलीला कापडाचे गाठोडे बांधून आसपासच्या आठवडी बाजारांना जात. त्या वाटांवरचे मोर हा त्यांच्या मोजक्या गप्पांतला आवडता विषय. म्हणून मोराचे छायाचित्र लावावे असे ठरले.

आपल्या जिल्ह्यात मोराला दूर शोधावे लागत नाही. पाटोदा तालुक्यातील नायगाव परिसराला १९९४ मध्ये मयूर अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे तीस चौरस किलोमीटरांचा हा बालाघाटातला झुडपी, खडकाळ टापू. साग-सालाचे घनदाट अरण्य पाहिलेल्यांना तो उजाड वाटेल, पण मोराला असाच मोकळा, झुडपांचा मुलूख मानवतो. माझ्या एका स्नेह्याने तिथल्या मोराचे एक सुरेख छायाचित्र मोबाइलवर पाठवले होते. पहाटेचे कोवळे ऊन, खडकावर उभा मोर, मागे लांबवर पसरलेला पिसारा. मी ते छायाचित्र टिपणाऱ्याची परवानगी स्नेह्याकरवी घेतली, एका छपाईगृहाला तेच मोबाइलवरचे चित्र पाठवले, पैसे भरले आणि निश्चिंत झालो.

आठ दिवसांनी प्रत आली. ३६ इंच रुंद, २७ इंच उंच, चकचकीत कागद, सोनेरी चौकट. भिंतीवर टांगली तेव्हा मनात काहीतरी खटकले, पण सणासुदीची गर्दी होती. बाबूजी म्हणाले, "छान आहे." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. आम्हाला वाटले, त्यांना वाऱ्याची झुळूक हवी असेल. चार महिन्यांनी नातीने विचारले, "आजोबा, हा मोर धुक्यात उभा आहे का?" ते म्हणाले, "नाही बाळा, फोटो काढणारा पळत असेल." घरभर हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. इतके दिवस बाबूजींनी केवळ आमचे मन राखले होते, हे तेव्हा उमगले.

चूक कोठे झाली? दोष छपाईगृहाचा नव्हता. त्यांना जे सूत दिले त्याचेच त्यांनी कापड विणले. मोबाइलवरून संदेशाबरोबर सहज पाठवलेले छायाचित्र वाटेतच आवळले जाते. त्याची लांबी बहुधा १६०० बिंदूंच्या आसपास उरते. कॅमेऱ्यातल्या मूळ चित्रात मात्र ६००० गुणिले ४००० बिंदू होते. कापडाच्या भाषेत बोलायचे तर हा पोताचा हिशेब आहे. एका इंचात किती धागे, यावर वस्त्राचा तलमपणा ठरतो, तसे एका इंचात किती बिंदू, यावर छायाचित्राचा. हातात धरून पाहायच्या चित्राला इंचाला सुमारे ३०० बिंदू लागतात. तीन फुटांवरून पाहायचे असेल तर डोळ्याला शंभरच्या आसपास पुरतात. आमच्या प्रतीत जेमतेम ४० होते. खादीच्या ताग्यावर मलमलीचा दर लावावा तसा तो प्रकार.

दुसरी चूक पन्ह्याची. कॅमेऱ्याचे चित्र तीनास दोन या प्रमाणात असते आणि मी मागवलेले माप चारास तीन होते. ते बसवण्यासाठी रुंदीचा एक नवमांश भाग कापावा लागला. मोराचा पिसारा टोकाशी छाटला गेला तो यामुळे. छत्तीस इंच रुंद प्रत हवी असेल तर उंची चोवीस घ्यावी, एवढा साधा त्रैराशिकाचा हिशेब व्यापाऱ्याच्या पोराने करू नये, याची आजही लाज वाटते.

यानंतर मी ज्यांनी ते छायाचित्र टिपले त्यांनाच भेटण्याचे ठरवले. ते बीडचेच, पेशाने शिक्षक. सुट्टीच्या दिवशी पहाटे डोंगर गाठणारे. मी दुकानाची पद्धत मनात ठेवून एकच प्रश्न विचारला, "नमुना मिळेल का?" ते मनापासून हसले. म्हणाले, "हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला." नंतर त्यांनी जे समजावले ते आपल्या वाचकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून विस्ताराने देतो.

मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो. कागद मात्र पडलेला उजेड परत देतो. पडदा पूर्ण तेजावर ठेवून पसंत केलेले चित्र कागदावर उतरले की काळवंडलेले भासते. म्हणून मोठी प्रत काढण्यापूर्वी त्याच कागदावर, त्याच शाईने लहानशी नमुनाप्रत काढून घ्यावी आणि ती जिथे लावायची त्या भिंतीशी धरून सकाळी, दुपारी व दिवेलागणीनंतर पाहावी. मुद्रणाच्या धंद्यात रंग तपासण्यासाठी ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या प्रकाशाशी मिळताजुळता, प्रमाण दिवा वापरतात. तसा दिवा आपल्याकडे नसतो, पण ओटा असतो. घरातले अनेक एलईडी दिवे स्वस्त असतात आणि तांबड्या रंगाशी त्यांचे जमत नाही. दिवा घेताना त्याच्या डब्यावर रंगनिष्ठेचा आकडा, ज्याला सीआरआय म्हणतात, तो नव्वद वा त्याहून अधिक आहे ना, एवढे पाहावे.

मोराच्या बाबतीत आणखी एक गंमत त्यांनी सांगितली. मोराच्या गळ्याचा तो निळा रंग रंगद्रव्याचा नाहीच. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत अतिसूक्ष्म कांड्यांची जाळी असते आणि तिच्यावर आदळून परतणाऱ्या प्रकाशातून तो निळा जन्मतो. म्हणून मोराने मान वळवली की निळ्याचे हिरवे होते. शाई हे करू शकत नाही. ती एका क्षणाचा एकच रंग धरून ठेवते. "तेव्हा जिवंत मोराशी तुलना करू नका," ते म्हणाले, "त्या पहाटेशी करा." हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले.

पुढे कागदाचा प्रश्न निघाला. उत्तम छायाचित्रांसाठी जो कागद वापरतात तो शंभर टक्के कापसाचा असतो, आम्लरहित असतो आणि जाडीला एका चौरस मीटरला तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. कापूस म्हणताच आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचे कान टवकारतात. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन राहते आणि ते काळाबरोबर पिवळे पडते. जुन्या वर्तमानपत्राची जी अवस्था होते तीच. कापसाचा कागद टिकतो. आपल्या मराठवाड्याला ही विद्या परकी नाही. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा कागदी तेथे आले, असे सांगितले जाते.

शाईचेही तसेच. शाई दोन जातींची. एक विरघळणाऱ्या रंगाची, दुसरी रंगद्रव्याच्या बारीक कणांची. आपल्या भाषेत पहिली कच्च्या रंगाची, दुसरी पक्क्या रंगाची म्हणावी. पहिली दिसायला भडक, पण उन्हाने लवकर उडते. दुसरी, योग्य कागदावर, काचेआड आणि थेट उन्हापासून दूर ठेवली तर अनेक दशके टिकते. हे ऐकताना मला आपल्या ज्ञानभांडारांतल्या पोथ्या आठवल्या. पश्चिम भारतातल्या पंधराव्या शतकातल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांची अक्षरे आजही काळीभोर आहेत, कारण ती शाई काजळाची, म्हणजे शुद्ध कार्बनच्या कणांची. ज्ञानपंचमीला वा श्रुतपंचमीला आपण पोथ्या बाहेर काढतो, धूळ झटकतो, नवी वेष्टने घालतो. दमट हवा, कीड आणि कडक ऊन हे कागदाचे तीन वैरी आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. छायाचित्राचे वैरीही तेच.

हे सर्व मी घरी येऊन सांगितले तेव्हा आईने एक प्रश्न विचारला, आणि त्याने माझी बोलती बंद झाली. "या कागदाला चिकटवायला काय लावतात? सरस तर नाही ना?" मिठाईवरच्या वर्खाबद्दल जो प्रश्न आपल्या घरांत कित्येक वर्षे विचारला जातो, तो तिने छायाचित्राला लावला. चौकशी केली तेव्हा कळले की तिचा संशय अगदी अस्थानी नव्हता. पूर्वीच्या रासायनिक पद्धतीच्या छायाचित्रांच्या कागदावर चांदीचे क्षार ज्या लेपात धरून ठेवलेले असत, तो लेप जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला. रासायनिक पद्धतीने छायाचित्र करणारे आजही तोच वापरतात. शाईने छापण्याच्या आधुनिक कागदांपैकी काहींच्या लेपात जिलेटिन असते, काहींच्या नसते. त्याऐवजी कृत्रिम बंधक असतो. काही कारखानदार आपल्या कागदात प्राणिज घटक नाहीत असे स्पष्ट लिहून देतात. म्हणून कागदाचे नाव विचारावे आणि त्याची लेखी खात्री मागावी. चौकटीचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या सोनेरी नक्षीच्या चौकटीत खडूची भुकटी सरसात कालवून लेप देत. साधी सागवानी वा धातूची चौकट, खिळ्यांनी जोडलेली, हा निःशंक मार्ग. आमच्या शिक्षक-छायाचित्रकारांनी दोन दिवसांत कागदाची माहिती काढून दिली. आईचे समाधान झाले, आणि मगच पुढचे पाऊल पडले.

आता थोडे मोलाविषयी. दुसरी प्रत पहिलीच्या जवळजवळ सहापट किमतीला पडली, आणि धाकट्या भावाने रास्त प्रश्न केला की एकाच चित्राच्या हव्या तितक्या प्रती निघत असतील तर इतके मोल कशाचे? खरे आहे. भिंतीवरच्या चित्राच्या छपाईची आपल्या घरांना जुनी ओळख आहे. राजा रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेली रंगीत चित्रे देशभरच्या घरांत व दुकानांत पोहोचली. स्वस्त आणि सर्वांसाठी, हाच त्यांचा गुण होता. दिवाळीत आपण गिऱ्हाइकाला वाटतो ती दिनदर्शिका त्याच वंशातली. कलाछायाचित्राची प्रत मात्र वेगळ्या वचनावर विकली जाते. छायाचित्रकार म्हणतो, या मापाच्या मी पंचवीसच प्रती काढीन. प्रत्येक प्रतीच्या समासात वा पाठीमागे तो ७/२५ असा आकडा घालतो आणि सही करतो. सव्विसावी प्रत काढण्यापासून त्याला कोणतेही यंत्र अडवीत नाही, अडवतो तो त्याचा शब्द. म्हणजे मोल कागदाचे कमी आणि सचोटीचे अधिक. हे आपल्या पेढ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या शब्दाची किंमत कोठवर जाते याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. एडवर्ड स्टायकन यांनी १९०४ मध्ये चांदण्या रात्रीच्या एका तळ्याचे छायाचित्र टिपले. त्याच्या तीनच प्रती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी एक २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एकोणतीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. उलट अमेरिकी निसर्गछायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये टिपलेल्या एका चंद्रोदयाच्या स्वतः हजाराहून अधिक प्रती काढल्या. सुरुवातीच्या प्रतींतले आकाश फिकट, नंतरच्या प्रतींतले जवळजवळ काळे. चित्र एकच, तरी प्रत्येक प्रत हे त्या त्या काळातले त्यांचे स्वतंत्र काम. म्हणून प्रत घेताना ती कोणी काढली, कोणाच्या देखरेखीखाली काढली, हे विचारणे गैर नाही. मात्र उद्या भाव वाढेल म्हणून घेण्याची ही वस्तू नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला भाव हवा त्याने दुसरा माल पाहावा.

कायद्याची एक बाब व्यापारी कुटुंबांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. प्रत विकत घेतली म्हणजे छायाचित्राचा हक्क विकत घेतला असे होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क साधारणतः छायाचित्रकाराकडे राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. भिंतीवरचा मोर दुकानाच्या पिशवीवर वा दिनदर्शिकेवर छापायचा असेल तर वेगळी लेखी परवानगी घ्यावी लागते. आपण स्वतः मोबदला देऊन एखादे छायाचित्र काढून घेतले तर गोष्ट निराळी. वेगळा करार नसेल तर त्याचा हक्क सामान्यतः आपला. मीही माझ्या चुकीची भरपाई इथेच केली. पहिल्या वेळी परवानगी तोंडी आणि फुकट घेतली होती. कलावंताच्या पहाटेचे मोल असते हे मला तेव्हा सुचलेच नव्हते.

आणखी एक प्रश्न विचारावा, आणि तो आपल्या घरांनी तरी विचारावाच. हे चित्र टिपताना जीवाला त्रास झाला का? पिले दिसावीत म्हणून घरट्यावरच्या फांद्या बाजूला सारणे, पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्या जोडीदाराचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवणे, शिकारी पक्ष्यासाठी जिवंत आमिष बांधणे, असे प्रकार या छंदात घडतात. फांद्या हलल्या की घरटे उन्हाला आणि कावळ्यांना उघडे पडते. जबाबदार छायाचित्रकार घरट्याचे चित्र टाळतात. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. पण कायदा प्रत्येक झुडपामागे उभा राहत नाही. गिऱ्हाइकाने विचारले तर मात्र फरक पडतो. आमच्या छायाचित्रकारांनी सांगितले की ते तीन पहाटे एकाच दगडाआड बसले. दोन दिवस मोर आलाच नाही, तिसऱ्या दिवशी आपण होऊन आला. हे ऐकल्यावर बाबूजींना सांगण्यासारखे काहीतरी माझ्या हाती लागले.

दुसरी प्रत जाड नळकांड्यात गुंडाळून आली. अशी प्रत उलगडण्यापूर्वी हात स्वच्छ करावेत, सुती हातमोजे घातले तर उत्तम. कडांना धरावे, पृष्ठभागाला बोट लावू नये. ती दिवसभर सपाट ठेवून मग चौकटवाल्याकडे द्यावी. कागद काचेला चिकटता कामा नये, म्हणून मधे आम्लरहित पुठ्ठ्याचा समास ठेवावा. चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबराची बटणे लावावीत, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यात हवा खेळते आणि पावसाळ्याची ओल चित्रात शिरत नाही. दुपारचे ऊन थेट जिथे पडते ती भिंत टाळावी. आपल्याकडच्या उघड्या उन्हाची तीव्रता लाख लक्सच्या घरात जाते. संग्रहालये रंगीत छायाचित्रांवर साधारण ५० ते १५० लक्सच उजेड ठेवतात.

उंचीचेही एक गणित आहे. दालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर, उभ्या माणसाच्या नजरेला येईल असा ठेवतात. आपण मात्र घरी दाराच्या वर, छताला टेकवून टांगतो आणि मग वर्षभर मान वर करतो. बाबूजी बसून पाहणार, म्हणून आम्ही त्यांच्या खुर्चीवर बसून नजरेची रेघ आखली आणि मोर पहिल्यापेक्षा दोन फूट खाली आला. पाहण्याचे अंतर चित्राच्या कर्णाच्या दीडपट असावे असा संकेत आहे. ३६ गुणिले २४ इंचांच्या चित्राला ते साडेपाच फुटांच्या आसपास येते. खोली लहान, म्हणून आम्ही खुर्ची मागे सरकवून साडेचार फूट साधले. ज्यांना चांगल्या प्रती प्रत्यक्ष पाहून नजर तयार करायची असेल त्यांनी मुळजी जेठा मार्केटची खरेदी आटोपल्यावर तासभर काढावा. काळा घोड्याची जहांगीर कलादालने १९५२ पासून उभी आहेत, आणि नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये छायाचित्रांसाठी पिरामल दालन आहे. पडद्यावर हजार चित्रे पाहूनही जे कळत नाही ते कागदाच्या एका उत्तम प्रतीसमोर उभे राहिले की कळते.

नवी प्रत लागली तो रविवार होता. आम्ही कोणी काही विचारायचे नाही असे ठरवले होते, कारण "छान आहे" हे उत्तर आम्हाला पुन्हा नको होते. बाबूजींनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "पाऊस पडायचा आहे अजून." मी विचारले, कशावरून? त्यांनी खडकाच्या बुडाशी वाळलेल्या गवताकडे आणि भेगाळलेल्या मातीकडे बोट दाखवले. पहिल्या प्रतीत ती भेग दिसतच नव्हती. तिथे नुसता तपकिरी डाग होता.

थोड्या वेळाने ते आपण होऊन बोलू लागले. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. बाजार ओस पडले होते, उधारी वसूल होण्याची आशा नव्हती, तरी ते गाठोडे घेऊन फिरत, कारण घरी बसून काय करायचे. एका वस्तीवर ते पाणी मागायला थांबले. त्या घरच्या बाईने अर्धा तांब्या त्यांना दिला आणि उरलेले पाणी एका फुटक्या खापरात ओतून बांधावर ठेवले. चार मोर जवळच्या झुडपातून आले. बाबूजी म्हणाले, "मी तिला म्हटले, बाई, तुम्हालाच पुरत नाही. ती म्हणाली, त्यांना तर मागताही येत नाही." त्या घराकडे कापडाची उधारी होती. ती त्यांनी त्या दिवशी चोपडीतून काढून टाकली, आणि ही गोष्ट आजोबांनाही सांगितली नव्हती. पन्नास वर्षांहून अधिक काळ ती त्यांच्याजवळच होती.

खोलीत सगळे गप्प होते. बाबूजींनी खुर्ची खिडकीकडे वळवली नाही. चित्राकडे पाहतच त्यांनी विचारले, "गच्चीवर पक्ष्यांचे पाणी आता कोण भरते?"

ते काम त्यांचे होते. ते पडल्यापासून कुंडे कोरडेच होते, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. नात उठली आणि तांब्या घेऊन जिना चढली.